ताओर्मिना पायी: एक आडवी वाट, बाकी सगळे जिने

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर मोन्ते ताउरो नावाचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर, समुद्रापासून सुमारे २०० मीटर उंचीवर, एक अरुंद सपाटी आहे आणि त्या सपाटीवर ताओर्मिना बसलं आहे. गावाची रचना समजायला सोपी. एका टोकाला पोर्ता मेसिना हा दरवाजा, दुसऱ्या टोकाला पोर्ता कातानिया, मधे साधारण ८०० मीटरचा कोर्सो उंबेर्तो हा मुख्य रस्ता. या कोर्सोला आडवे छेदत वर डोंगराकडे आणि खाली समुद्राकडे जाणारे जिने. कोर्सोवर चढउतार नावापुरता, आणि कोर्सो सोडला की सपाट असं जवळपास काहीच नाही.

बहुतेक लोक हा रस्ता दुकानं बघत एकदा पार करतात, नाट्यगृहात फोटो काढतात आणि परततात. त्यात चूक काही नाही, फक्त गाव बघायचं राहून जातं. इथे प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे दगड उचलून आपलं बांधलं. त्यामुळे इमारत बघताना नजर आधी पायाकडे न्यावी, मग वर. ओळखायला तीन खुणा पुरतात. मोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले दिसले तर काम बहुधा ग्रीक काळातलं. लाल, चपट्या विटांचे थर असतील तर रोमन. काळा लाव्हा आणि पांढरा प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) नक्षीत शेजारी शेजारी दिसले की १४वं-१५वं शतक. या तीन खुणा डोक्यात असल्या की माहितीपट्ट्या वाचत बसावं लागत नाही.

निघण्याआधी

ताओर्मिना-जार्दिनी हे रेल्वे स्थानक अगदी समुद्रालगत आहे, गावात नाही. नकाशात अंतर किरकोळ दिसतं म्हणून सामान घेऊन पायी वर निघणारे दर वर्षी असतात. तसं करू नका, स्थानकाबाहेरून बस मिळते. कातानिया विमानतळावरूनही थेट बस आहे. दोन्ही बस व्हिया पिरांदेल्लोवरच्या थांब्यावर सोडतात आणि तिथून पोर्ता मेसिना काही मिनिटांच्या चढावर आहे.

गाडीने येणार असाल तर ती लुम्बी किंवा पोर्ता कातानिया या दोन मोठ्या वाहनतळांपैकी एकावर लावा. लुम्बी गावाबाहेर आहे, तिथून गावात यायला छोटी बस असते. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि प्रवेशावर कॅमेरे आहेत. बंदीचा फलक चुकवून आत शिरलात तर त्या वेळी कोणी अडवत नाही. दंडाची नोटीस गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येते, तीही काही महिन्यांनी.

पायात रबरी, पकड असलेल्या तळाचे बूट हवेत. कोर्सोच्या आणि जिन्यांच्या फरशा वापरून गुळगुळीत झाल्या आहेत आणि पाऊस पडून गेल्यावर त्यांवरून पाय सटकतो. उतरताना जास्तच. पाट्यांवरचे चार शब्दही माहीत असावेत: ‘व्हिया’ म्हणजे रस्ता, ‘विकोलो’ म्हणजे बोळ, ‘सालीता’ म्हणजे चढ, जो इथे बहुतेक वेळा जिनाच असतो, आणि ‘बेल्वेदेरे’ म्हणजे देखावा दिसणारी जागा. मोबाइलवरचा नकाशा ‘सालीता’ला साधा रस्ता समजतो. तो १०० मीटर दाखवतो तेव्हा त्यात किती पायऱ्या आहेत हे सांगत नाही. लहान मुलाची ढकलगाडी किंवा चाकाची खुर्ची बरोबर असेल तर कोर्सो आणि सार्वजनिक बाग एवढ्यावरच बेत ठेवा.

सकाळी आधी वर: मादोन्ना देल्ला रोक्का

वरची वाट सकाळी साडेसातच्या सुमाराला धरा. एक कारण ऊन. दुसरं जास्त महत्त्वाचं, एटना. या ज्वालामुखीचा माथा सकाळी मोकळा असतो आणि दुपारकडे ढग त्याच्याभोवती जमू लागतात. उशिरा चढलात तर घाम गाळून ढग बघायला मिळतात.

कोर्सोवरून कुठल्याही जिन्याने वर गेलं की व्हिया चिर्कोंव्हाल्लात्सिओने लागतो. डोंगराच्या बाजूने गावाला वळसा घालणारा हा गाड्यांचा रस्ता. त्याच्या कडेला ‘मादोन्ना देल्ला रोक्का’ अशी पाटी शोधा, व्हिया क्रूचिसच्या पायऱ्या तिथून सुरू होतात. वळणावळणाने जाणाऱ्या या जिन्यावर येशूच्या क्रूसयात्रेचे प्रसंग ठिकठिकाणी लावलेले आहेत, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही. सावली मात्र फार थोडी. सावकाश चालणाऱ्याला वर पोहोचायला २० ते ३० मिनिटं लागतात. उन्हाळ्यात माणशी एक लिटर पाणी जवळ ठेवा, कारण वाटेत ते मिळेल असं धरून चालता येत नाही.

वरचं चर्च १७व्या शतकातलं. छत म्हणून डोंगराचाच खडक आहे आणि आत डोकं वर केलं की तो ओबडधोबड तसाच दिसतो. चर्चपेक्षाही मोलाचा त्याच्यासमोरचा कट्टा. इथून खालचं गाव नकाशासारखं उलगडतं: डावीकडे नाट्यगृहाचा अर्धगोल, कोर्सोची रेघ, तिच्या मधोमध घड्याळाचा मनोरा, पलीकडच्या टोकाला कॅथेड्रल. पाच मिनिटं उभं राहून हे सगळं बोटाने दाखवून घ्या, दिवसभर दिशा विचारावी लागणार नाही.

आणखी वर, ३९८ मीटरवर, जुना किल्ला आहे. तो कधी उघडा असतो, कधी बंद. फक्त त्याच्यासाठी चढत असाल तर खाली आधी चौकशी करा.

पायांत दम असेल तर इथूनच पुढे कास्तेलमोला गाठता येतं. ५२९ मीटर उंचीवरचं हे छोटं गाव ताओर्मिनाच्या बरोबर डोक्यावर आहे. चर्चपासून आणखी अर्धा-पाऊण तास, काही पायऱ्या आणि काही गाड्यांचा रस्ता. रस्त्याच्या टप्प्यात पदपथ सगळीकडे नाही, तिथे एकामागे एक चाला आणि वळणावर बाहेरची बाजू धरा म्हणजे चालकाला दिसाल. वर किल्ल्याच्या भिंती उरल्या आहेत, बदामाची गोड दारू मिळते आणि ताओर्मिना पायाशी दिसतं. परतायला बस आहे, पण ती वारंवार नाही. वर पोहोचल्या पोहोचल्या थांब्यावरच्या वेळा बघून ठेवा. एकच दिवस हाताशी असेल तर कास्तेलमोला सोडून द्या. त्यात सकाळ जाते आणि नाट्यगृहात गर्दीच्या वेळी पोहोचता.

नऊ वाजता: प्राचीन नाट्यगृह

पोर्ता मेसिनाच्या आत आलं की व्हिया तेआत्रो ग्रेको सरळ नाट्यगृहाच्या दारात नेतो. ते सहसा सकाळी नऊला उघडतं आणि सूर्यास्ताच्या सुमारे तासभर आधी बंद होतं. साडेदहापर्यंत क्रूझच्या आणि सहलींच्या टोळ्या येऊन थडकतात, म्हणून नऊचीच वेळ साधा. तिकीट आधी ऑनलाइन घेतलं तर रांग वाचते.

याला ग्रीक नाट्यगृह म्हणतात, पण समोर जे उभं आहे ते बहुतेक रोमन. मूळ बांधकाम इ.स.पू. ३ऱ्या शतकातलं. इ.स.च्या २ऱ्या शतकात रोमनांनी ते जवळजवळ नव्याने उभारलं. म्हणूनच मंचामागची भिंत आणि वरचे कमानीदार सज्जे विटांचे आहेत. बाहेरचा व्यास सुमारे १०९ मीटर, सिसिलीत याच्याहून मोठं फक्त सिराकूझा शहरातलं. पुढे इथे शिकारीचे आणि द्वंद्वांचे खेळ होऊ लागले तेव्हा मधली गोल जागा वाढवण्यासाठी पुढच्या रांगा काढून टाकल्या. खालच्या भागात बसायची जागा एकदम उंचावरून सुरू झालेली दिसते, त्याचं कारण हे. मंचाजवळ उभे असलेले खांब मूळचे आहेत, पण १९व्या शतकात पुन्हा उभे केलेले.

आत आल्यावर आधी मंचाकडे धावू नका. सगळ्यात वरच्या कडेने अर्धं वर्तुळ चाला. मंचामागच्या भिंतीला मधोमध मोठं भगदाड पडलंय आणि त्यातून एटना आणि नाक्सोसचा उपसागर दिसतो. बांधणाऱ्या रोमनांना हा देखावा नको होता, त्यांनी तो भिंतीने पुरता झाकला होता. आज जगभर जो फोटो फिरतो तो त्या पडझडीची देणगी.

इथे एक अडचण हमखास येते. उन्हाळ्यात संगीत-नाटकाचे कार्यक्रम असतात. मंचावर लोखंडी सांगाडे, दिवे, पडदे येतात आणि दगडी रांगांवर लाकडी बैठका बसवतात. मे ते सप्टेंबरमध्ये निम्मं नाट्यगृह झाकलेलं सापडू शकतं आणि कार्यक्रमाच्या दिवशी ते लवकरही बंद होतं. दगड बघायचे असतील तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

आडवी वाट: पोर्ता मेसिना ते पोर्ता कातानिया

ही वाट याच दिशेने चाला, कारण तुम्ही काळातही पुढे सरकता. पहिला निम्मा भाग ग्रीक-रोमन नगराचा, घड्याळाच्या मनोऱ्यापलीकडचा मध्ययुगीन वस्तीचा. पोर्ता मेसिना स्वतः मात्र तरुण आहे, १८०८ सालचा. बूर्बों घराण्यातल्या राजा फेर्दिनान्दच्या नावाचा.

आत शिरताच पियात्सा बादिया. ग्रीकांचा बाजारचौक आणि रोमनांचा फोरम इथेच होता. या चौकाला निदान पाऊण तास द्या, गावातल्या कुठल्याही जागेपेक्षा इथे जास्त थर आहेत. इ.स.पू. ४०३मध्ये सिराकूझाचा सत्ताधीश दिओनिसिओस याने खालचं नाक्सोस हे ग्रीक नगर उद्ध्वस्त केलं. उरलेल्या लोकांना आन्द्रोमाखोसने इ.स.पू. ३५८मध्ये या डोंगरावर वसवलं आणि तिथून ताउरोमेनिओन, म्हणजे आजचं ताओर्मिना, सुरू झालं. पुढे रोमन आले, बायझंटाइन राहिले, ९०२मध्ये अरबांनी गाव जिंकलं, १०७९मध्ये नॉर्मनांनी.

याच चौकातला पालात्सो कोर्वाया हा वाडा त्या सगळ्यांचा हिशेब एका भिंतीत मांडतो. मधला चौकोनी, जाडजूड बुरूज अरब काळातला. त्याच्या एका अंगाला १३व्या शतकातली भर, दुसऱ्या अंगाला १५व्या शतकातलं दालन. १४११मध्ये सिसिलीची संसद याच वाड्यात नाव्हाराच्या ब्लांका या राणीसमोर भरली होती. कोर्वाया हे नाव मात्र नंतरच्या मालकांचं, १५३८पासून १९४५पर्यंत वाडा त्या घराण्याकडे होता. बाहेरून बघताना खिडक्यांभोवतीचा आणि मजल्यांमधला पट्टा जवळ जाऊन पाहा. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची नक्षी रंगवलेली नाही, दगडात दगड बसवलेला आहे. मग अंगणात शिरा. जिन्याच्या कठड्यावर झिजलेली कोरीव चित्रं आहेत: हव्वेची निर्मिती, फळ खाण्याचा प्रसंग आणि स्वर्गातून हकालपट्टी. ऊन तिरपं असताना आकृत्या ओळखू येतात, भर दुपारी सपाट दगड दिसतो.

शेजारच्या सांता कातेरिना चर्चच्या मागे जा. तिथे कुंपणापलीकडे विटांच्या बैठकांचं छोटं अर्धवर्तुळ दिसेल. हे रोमन ओदेऑन, म्हणजे गाण्या-वाचनाचं छोटं सभागृह, १८९२पर्यंत मातीखाली दडलेलं. त्याचा निम्मा भाग चर्चखाली गेला आहे. त्याहून गंमत म्हणजे रोमनांना मंचामागे वेगळी भिंत बांधावी लागली नाही, तिथे आधीच एक ग्रीक मंदिर होतं, तेच त्यांनी पार्श्वभूमी म्हणून वापरलं. चर्च उघडं असेल तर आत त्या मंदिराचे अवशेष दिसतात. मंदिर, त्याला टेकलेलं सभागृह, दोघांवर बसलेलं चर्च: अंतर काही पावलांचं.

कोर्सोवर थोडं पुढे समुद्राच्या बाजूला व्हिया नाउमाकिया खाली उतरतो. दहापैकी नऊजण ही उतरंड चुकवतात. खाली १२२ मीटर लांबीची विटांची भिंत आहे, तिच्यात १८ मोठे कमानीदार कोनाडे आणि मधेमधे छोटे. तिचं नाव ‘नाउमाकिए’, म्हणजे जलयुद्धाचे खेळ, पण तसे खेळ इथे कधी झाले नाहीत. ही मोठ्या पाणीसाठ्याला आणि वरच्या जमिनीला तोलून धरणारी भिंत. तुम्ही आत्ताच चाललात त्या कोर्सोच्या खालचा उतार तिने पेलला आहे. वरून काहीच दिसत नाही, तेव्हा खाली उतरणं भागच आहे. परत वर येताना वेगळा जिना घ्या.

पुढे पियात्सा नोव्हे आप्रिले. एका बाजूने उघडा, काळ्या-पांढऱ्या फरशांचा सज्जा. दोन चर्चपैकी सान जुझेप्पेला दुहेरी जिना आहे, आणि जुन्या सान्त’आगोस्तिनोमध्ये आता वाचनालय भरतं. इथल्या खुर्च्यांवर बसून घेतलेली कॉफी उभ्याने घेतलेल्या कॉफीच्या कितीतरी पट महाग पडते. दरपत्रक बघूनच बसा. कठड्याशी उभं राहून दिसणारा समुद्र तोच असतो. जवळच विकोलो स्त्रेत्तो हा बोळ आहे, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. पाठीवरची पिशवी काढून हातात घ्यावी लागते.

घड्याळाच्या मनोऱ्याखालची कमान म्हणजे मधला दरवाजा. १६७६मध्ये फ्रेंच सैन्याने तो पाडला, १६७९मध्ये गावाने पुन्हा उभारला. पलीकडे बोळ अरुंद होतात, खिडक्या बारीक होतात. कॅथेड्रल सान निकोलो १३व्या शतकातलं. माथ्यावर तटासारख्या चऱ्या आहेत, लांबून किल्लाच वाटतो. आत गुलाबी संगमरवराचे अखंड खांब आहेत, ते प्राचीन नाट्यगृहातून आणले असं सांगतात. चर्च दुपारी बंद असतं, साधारण बारा-साडेबारा ते चार. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत यावं लागतं. समोरच्या १६३५च्या कारंज्यावर गावाचं बोधचिन्ह आहे: अर्धी बाई, अर्धं जनावर, मुकुट घातलेली. ग्रीक कथांतल्या नेहमीच्या सेंटॉरला (अर्धा माणूस, अर्धा घोडा) चार पाय असतात, हिला दोनच. मोजून बघा.

पोर्ता कातानियावर १४४० हे साल कोरलं आहे. त्याच्या आधी डावीकडे खाली दूकी दी सांतो स्तेफानो, म्हणजे सांतो स्तेफानोच्या ड्यूकांचा वाडा. लाव्हा-प्युमिसचा रुंद पट्टा बघायला गावातली ही सगळ्यात चांगली जागा, आणि इथे गर्दी नसते.

परत येताना कोर्सोने येऊ नका. कॅथेड्रलजवळून वरच्या बाजूने जिने चढत पालात्सो चाम्पोलीकडे जा आणि तिथून बादिया व्हेक्या हा १४व्या शतकातला बुरूज गाठा. तीच काळी-पांढरी नक्षी, पण इथे डोळ्यांच्या उंचीवर नाही, मान वर करून. मग व्हिया चिर्कोंव्हाल्लात्सिओनेने पोर्ता मेसिनाकडे. दरवाजाबाहेर सान पान्क्रात्सिओचं चर्च एका मंदिराच्या जागी बांधलंय. बाजूच्या भिंतीत खाली मोठे चिरे आहेत, सुरुवातीला सांगितलेली पहिली खूण इथे ताडून घ्या.

दुपारी खाली: बाग आणि समुद्र

व्हिया बान्योली क्रोचेवरची सार्वजनिक बाग विनातिकीट आहे. फ्लोरेन्स ट्रेव्हेल्यन या इंग्रज बाईंनी ती लावली. त्यांनी विटा, लाव्हा, मोडकी जोती, लाकडं एकत्र करून उभारलेले विचित्र मनोरे तिथे आहेत. जेवणानंतरच्या उन्हात तासभर टेकायला बरी.

तीन-साडेतीननंतर समुद्राकडे निघा. डोंगर पश्चिमेला असल्यामुळे दुपार कलली की उताराला सावली येते. व्हिया पिरांदेल्लोने खाली चालत केबल कारचं स्थानक ओलांडा. पुढे वळणावर बेल्वेदेरे आहे, तिथून जिना इसोला बेल्लाच्या बाजूला उतरतो. २० मिनिटं पुरतात. खाली हमरस्ता आडवा येतो. तो ओलांडताना गाड्यांचा वेग लक्षात घ्या. मग पुढच्या पायऱ्या किनाऱ्यावर नेतात.

इसोला बेल्ला हे छोटं बेट ट्रेव्हेल्यनबाईंनी १८९०मध्ये घेतलं होतं. आता ते राखीव क्षेत्र आहे आणि वर जायला वेगळं तिकीट पडतं. बेटाला किनाऱ्याशी जोडणारी वाळू-गोट्यांची पट्टी कधी उघडी असते, कधी पाण्याखाली. घोटाभर पाणी वाटतं तिथे लाट आली की गुडघा भिजतो, म्हणून फोन वरच्या खिशात ठेवा. किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी चालवत नाही. पाण्यातले जुने बूट असतील तर आणा.

पुन्हा वर जिन्याने चढायचा हट्ट नको. हमरस्त्याने उत्तरेकडे दहाएक मिनिटांवर मात्सारोचं केबल कार स्थानक आहे, डबा काही मिनिटांत वर सोडतो. जोराच्या वाऱ्यात आणि देखभालीच्या दिवसांत ती बंद असते, म्हणून उतरण्याआधी वरच्याच स्थानकात शेवटच्या फेरीची वेळ विचारा. बंद असेल तर हमरस्त्यावरून बस आहे, तिचं तिकीट बसमध्ये मिळेलच असं नाही. वरच घेऊन ठेवा.

अर्धाच दिवस असेल तर नऊला नाट्यगृह, मग पियात्सा बादिया, नाउमाकिए, आणि बारा वाजायच्या आत कॅथेड्रल. वरची आणि खालची वाट राहू द्या. मुक्काम असेल तर कोर्सो रात्री दहानंतर पुन्हा एकदा चाला. सहलींच्या बसगाड्या गेलेल्या असतात, दुकानांची फळ्या-दारं लागलेली असतात आणि दिवसभर पाट्यांमागे लपलेले दरवाज्यांचे चिरे, खिडक्यांच्या महिरपी, जिन्यांच्या झिजलेल्या कडा दिव्यांच्या तिरप्या उजेडात पहिल्यांदा नीट दिसतात.